ओझे हवेवर असते

टायर घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी नक्षी पाहते. ठोकळे केवढे आहेत, मधल्या खाचा किती खोल आहेत, कडेचे दाते किती बाहेर आले आहेत, हे बोट घालून पाहायचे आणि मनाशी ठरवून टाकायचे. पिकअपसाठी ‘ऑल-टेरेन’ टायर निवडताना तर असे हमखास होते, कारण हा टायर विकला जातो तोच मुळी चेहऱ्यावर. वाळू, चिखल, खडी, बर्फ आणि डांबर अशा कसल्याही वाटेवर चालेल, असे त्याचे नावच सांगते, आणि त्या नावाचा पुरावा म्हणून त्याची रांगडी नक्षी समोर धरली जाते. या टायरचा जन्म अमेरिकेत झाला. त्याच्यामागचा शंभरेक वर्षांचा इतिहास सलग लावून पाहिला, की मात्र हा पुरावा लटका पडू लागतो. खडतर वाटेवरून गाडी पार नेणाऱ्या मोठ्या सुधारणा टायरच्या पोटात झाल्या. हवेच्या दाबात झाल्या, दोरांच्या ठेवणीत झाल्या, रबराखालच्या पट्ट्यात झाल्या. नक्षी बहुतेक वेळा त्यांच्या मागून आली, आणि ज्या थोड्या ठिकाणी तिचे खरोखर चालते त्या ठिकाणीही पोटाची साथ असल्याशिवाय चालत नाही. पिकअपला टायर घेणाऱ्याने हा इतिहास जाणून घ्यायला हवा असे मला वाटते, कारण त्याच्या पैशाचा आणि कधी कधी त्याच्या जिवाचाही प्रश्न त्यात आहे.

मुळात हवेचा टायर आला तेव्हा त्याला नक्षी नव्हतीच. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. ते काळाच्या इतके पुढचे होते की लोक ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, आणि या वेळी ती टिकली. पुढची वीस वर्षे टायरचा पृष्ठभाग बहुधा गुळगुळीतच राहिला. ओल्या रस्त्यावर गाडी घसरायची, म्हणून १९०८ मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने टायरवर तिरपी, उठावाची अक्षरे ओतली. ती अक्षरे होती ‘फायरस्टोन नॉन-स्किड’. पकड देणारा उठाव आणि कंपनीची जाहिरात एकाच साच्यातून निघाली. त्याच सुमाराला गुडइयरने चौकटीच्या नक्षीचा ‘ऑल-वेदर’ टायर काढला. म्हणजे ‘सगळे चालेल’ असे वचन नावातून देण्याची रीत ऑल-टेरेनच्या फार आधीची आहे. नक्षी आणि जाहिरात यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे, हे पुढचे सगळे वाचताना ध्यानात ठेवावे.

या काळातली खरी लढाई आत चालू होती. टायरच्या आतले कापड साधे विणलेले असे. चाक फिरताना टायर दबतो आणि पुन्हा फुगतो. त्या प्रत्येक दबण्यात कापडाचे उभे आणि आडवे धागे एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. म्हणून ट्रकला हवेचा टायर लावणे वेडेपणाचे मानले जाई. ट्रक भरीव रबरावर चालत, सावकाश चालत, आणि रस्ता व माल दोन्हींची हाडे खिळखिळी करत. विणलेल्या कापडाऐवजी एकाच दिशेने जाणारे दोर रबरात बुडवून थरावर थर द्यायचे, अशी पद्धत रूढ झाली तेव्हा हे घासणे थांबले. ट्रकचे वजन हवा पेलू शकते हे दाखवण्यासाठी गुडइयरने १९१७ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनपासून बोस्टनपर्यंत, सातशेहून अधिक मैलांच्या वाटेवर, हवेच्या टायरांचा ट्रक सोडला. ‘विंगफूट एक्स्प्रेस’ असे त्या सेवेचे नाव होते. चालकांना आळीपाळीने झोपता यावे म्हणून ट्रकमध्ये झोपायची सोय केलेली होती. पहिल्या फेरीत टायर वारंवार फुटले आणि ट्रकला कित्येक दिवस लागले. पण कंपनी फेऱ्या करत राहिली, दोर सुधारत राहिली, आणि काही वर्षांत भरीव टायरचा जमाना आटोपला. यात नक्षीचा काही संबंध नव्हता.

पिकअप या गाडीचा जन्मही याच वळणावरचा आहे. १९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीच्या पाठीला कारखान्यातच छोटा हौदा जोडला आणि २८१ डॉलरला ती विकायला काढली. त्याआधी शेतकरी आणि दुकानदार मोटारीची मागची बाजू कापून तिथे लाकडी खोके बसवून घेत. पिकअपच्या दोनच वर्षे आधी, १९२३ मध्ये, फायरस्टोनने ‘बलून’ टायर बाजारात आणले होते. जुने टायर अरुंद असत आणि त्यांत साठेक पौंड दाबाची हवा ठासलेली असे. बलून टायर रुंद, आणि दाब जवळपास निम्मा. कच्च्या रस्त्यावर गाडी आपटायची थांबली आणि मऊ मातीत चाक कमी रुतू लागले. अमेरिकेतले गावाकडचे बहुतेक रस्ते तेव्हा मातीचेच होते, त्यामुळे त्या काळचा पिकअप चालवणारा माणूस रोजच, त्या शब्दाशिवाय, ‘ऑल-टेरेन’ प्रवास करत होता. त्याला जी मदत मिळाली ती हवेने केली.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बोलका दाखला ट्रॅक्टरचा आहे. १९३० पर्यंत अमेरिकेतले ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर चालत, आणि त्या चाकांना बाहेरून बोटभर लांबीचे पोलादी दाते असत. पकडीसाठी याहून उग्र नक्षी कल्पनेतही आणता येणार नाही. जमिनीत खोल घुसणारे आणि न झिजणारे असे दाते! तरीही ही चाके जमीन दाबून टणक करत, चालकाला हादरवून सोडत, आणि डांबरी रस्त्यावर आणली तर रस्ता फोडत. म्हणून अनेक ठिकाणी त्यांना पक्क्या रस्त्यावर येऊ देत नसत. १९३२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला हवेचे टायर दिले. सुरुवातीच्या चाचण्यांत तर विमानाचे टायर वापरले होते. ते शेतासाठी घडवलेलेच नव्हते. पंधरा पौंडांच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या टायरच्या निम्मी हवा भरल्यावर ते जमिनीवर पसरले, आणि लोखंडी दात्यांना जे कष्टाने जमे ते त्यांनी सहज केले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर काय नांगर ओढणार, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. म्हणून कंपनीने जत्रांमध्ये ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड या प्रसिद्ध शर्यतपटूने रबरी टायरांचा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांवर पळवून दाखवला. शेतकऱ्याला पटले ते मात्र शर्यतीमुळे नव्हे. तेवढ्याच इंधनात जास्त काम होते हे त्याला दिसले. १९४० पर्यंत बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले होते. तिरप्या जाड पट्ट्यांची जी नक्षी आज आपण ट्रॅक्टरच्या चाकाची ओळख मानतो, ती या कमी दाबाच्या टायरवर नंतर घडत गेली. आधी हवा, मग दाते. क्रम हा असा आहे, आणि तो उलटा लावला की समज चुकते.

वाळवंटाने हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने शिकवली. ब्रिटिश सैन्यातले अभियंते राल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात मोहिमा काढल्या. मऊ वाळूत उतरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, ही त्यांची मुख्य युक्ती होती. १९४० मध्ये त्यांनीच उभ्या केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने ट्रकच्या ताफ्यांसह शेकडो मैल वाळवंट पार केले, ते याच शिकवणीवर. वाळूत खोल दात्यांची नक्षी मदत करत नाही. चाक थोडे जरी घसरले तरी दाते वाळू उपसतात आणि चाक स्वतःचाच खड्डा खणते. १९४२ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या ‘डक’ या जमीन-पाणी दोन्हींवर चालणाऱ्या लष्करी ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येत होती. समुद्रातून किनाऱ्याच्या वाळूवर येताना हवा कमी, रस्त्याला लागल्यावर पुन्हा जास्त. टायर तेच, नक्षी तीच. फक्त दाब बदलायचा आणि गाडीची जमीन बदलायची. दुसऱ्या महायुद्धातल्याच जीपच्या टायरची नक्षी पुढे आणि मागे सारखीच पकड देईल अशी ठेवली होती, कारण फसलेली जीप उलटी काढावी लागे. ही नक्षी निवडीतली खरी हुशारी होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिसच्या जीपगाड्या जोडायला घेतल्या, तेव्हा या घराण्याची गाडी आपल्या कच्च्या रस्त्यांवरही आली.

हवा कमी केल्याने एवढा फरक का पडतो ते हिशेबाने पाहता येते. भरलेल्या दोन टनांच्या पिकअपच्या एका चाकावर साधारण ५०० किलो वजन येते असे धरू. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो दाब, तर ते वजन पेलायला टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. माणसाच्या उघड्या पंजाहून थोडा मोठा, एवढाच. सगळी गाडी अशा चार पंजांवर उभी असते. हवा १८ पौंडांवर आणली की हा टेकलेला भाग जवळपास दुप्पट होतो, आणि तो रुंदीपेक्षा लांबीत वाढतो, म्हणजे पुढे-मागे पसरतो. टायरच्या बाजूच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. दुसरा कुठलाही फेरफार न करता जमिनीवरचा भार निम्मा होतो. नक्षी कितीही बदलली तरी हे तिच्याने होणार नाही.

आता कोणी विचारील, की कमी हवेतच सगळे असेल तर ऑल-टेरेन टायर निघाला कशाला? याचे उत्तर रस्त्यांच्या इतिहासात आहे. युद्धानंतर अमेरिकेत चारही चाकांना ताकद देणारे पिकअप सामान्य माणसाला मिळू लागले. १९४६ चा डॉज पॉवर वॅगन तर लष्करी गाडीचाच नागरी अवतार होता. १९५७ मध्ये शेव्हरोलेने आणि १९५९ मध्ये फोर्डने असे पिकअप कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. नेमक्या याच वर्षांत, १९५६ च्या जूनमध्ये, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे काम हाती घेतले गेले. आता एकच गाडी सकाळी गुरांच्या चिखलात उभी असायची आणि दुपारी ताशी ७० मैलांनी धावायची. चिखलाचा जाड ठोकळ्यांचा टायर महामार्गावर घोंघावे, तापे, लवकर झिजे. रस्त्याचा टायर रानात दगडाने फाटे. हवा कमी करून वाळू पार करता येते, पण कमी हवेवर महामार्गावर धावता येत नाही. बाजू सतत दबून-उघडून इतक्या तापतात की टायर आतून सुटू लागतो. दोन जमिनींची गाठ एका टायरमध्ये मारायची गरज इथे उभी राहिली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात डिक सेपेक यांनी शेतीकामाचे रुंद टायर वाळवंटात हिंडणाऱ्या गाड्यांसाठी विकायला सुरुवात केली. ते वाळूवर तरंगत, पण त्यांचा जन्म मंद गतीच्या कामासाठी झाला होता. गाठ अजून बसली नव्हती.

ती बसवली रेडियल टायरने. जुन्या टायरमध्ये दोरांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जात. त्यामुळे बाजू दबली की वरचा पृष्ठभागही मुरडत असे, आणि त्या मुरडण्यातून उष्णता आणि झीज निपजे. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेऊन १९४९ मध्ये बाजारात आणलेल्या टायरमध्ये दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे नेले होते, आणि त्यांच्यावर, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचा पट्टा गुंडाळलेला होता. बाजू लवचिक, माथा ताठ, अशी विभागणी झाली. बाजू हवी तेवढी दबू शकते आणि माथा मात्र जमिनीवर सपाट टेकलेला राहतो. अमेरिकन कंपन्यांनी या टायरला बरीच वर्षे दाद दिली नाही, कारण त्यासाठी कारखान्यातली यंत्रेच बदलावी लागत. बीएफगुडरिच या कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेत रेडियल आणला, आणि १९७६ मध्ये त्याच कंपनीने ‘रेडियल ऑल-टेरेन टी/ए’ हा पिकअप आणि जीपसाठीचा टायर काढला. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून चाललेल्या वाळवंटी शर्यतींशी त्याचे नाव जोडले गेले. आज कुठल्याही कंपनीचा ऑल-टेरेन टायर पाहा, एकमेकांत अडकणाऱ्या ठोकळ्यांची तीच ठेवण थोड्याफार फरकाने दिसेल. लोकांनी त्या नक्षीला ऑल-टेरेन म्हटले, पण वाटेचा प्रश्न सोडवला होता तो नक्षीखाली झाकलेल्या पट्ट्याने आणि आडव्या दोरांनी. तीच नक्षी जुन्या तिरप्या दोरांवर कोरली असती तर महामार्गाची अडचण जिथल्या तिथे राहिली असती.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप चिखलाचा आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती भिजल्यावर कशी होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हवेच्या हिशेबाने समाधान मिळणार नाही. ही माती खाचांमध्ये बसते, दोन फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत गोळा होतो, आणि मग हवा किती आहे याने फरक पडत नाही. तिथे ठोकळ्यांमधले अंतर मोठे लागते, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. इथे नक्षीचे राज्य आहे. पण हा आक्षेप ऑल-टेरेनच्या बाजूने जात नाही. दोन कामांची गाठ मारणाऱ्या टायरच्या खाचा महामार्गासाठी जवळजवळ ठेवलेल्या असतात. घट्ट काळ्या चिखलात तोही भरून जातो. ज्याचे काम रोज तिथे आहे त्याने चिखलाचाच टायर घ्यावा आणि रस्त्यावरचा आवाज व झीज सोसावी. नक्षी जिथे खरोखर लागते तिथे ऑल-टेरेनची नक्षी तोकडी पडते, आणि जिथे ऑल-टेरेन चांगला चालतो त्या मुरमाच्या, खडीच्या, कोरड्या मातीच्या वाटेवर त्याचे मोठेपण जाड बाजूंत आणि दगडाने न फाटणाऱ्या रबरात असते. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टच्या धारदार खडीवर टायरच्या बाजूला चीर जाते. तिथे ठोकळा वाचवायला येत नाही.

बर्फाच्या बाबतीत तर चेहऱ्यावरून टायर पारखण्याची चूक अमेरिकेतल्या टायर उद्योगाने स्वतःच दुरुस्त केली. टायरवर ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी खूण असते. ती मिळायला कसलीही चाचणी लागत नसे. खाचांची रुंदी, त्यांची तिरपी ठेवण आणि मोकळ्या जागेचे प्रमाण ठरल्याप्रमाणे असले की पुरे. म्हणजे खूण चेहरा पाहूनच दिली जात होती. असे टायर बर्फावर बऱ्याचदा कमी पडत. अखेर १९९९ मध्ये दुसरी खूण आली, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती मिळवायला टायर खरोखर बर्फावर चालवून, ठरवलेल्या नमुना टायरपेक्षा त्याची पकड निश्चित प्रमाणात जास्त असल्याचे दाखवावे लागते. दिसायला जवळपास सारखे असलेले दोन ऑल-टेरेन टायर शेजारी ठेवले, तर एकावर ही खूण असते आणि दुसऱ्यावर नसते. फरक बऱ्याचदा रबराच्या मिश्रणात असतो. थंडीत मऊ राहणारे रबर पकडते, आणि ते डोळ्याला दिसत नाही.

चेहऱ्यावर विसंबण्याची सगळ्यात मोठी किंमत २००० मध्ये मोजली गेली. हेन्री फोर्ड यांनी १९०६ मध्ये हार्वे फायरस्टोन यांच्याकडून टायरचे २,००० संच घेतले, तेव्हापासून या दोन कंपन्यांचे नाते होते. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्यांत ‘एटीएक्स’ आणि ‘विल्डरनेस एटी’ हे प्रकार होते, आणि ते मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर या पिकअपच्याच सांगाड्यावर बेतलेल्या गाडीला लागत. वेगात असताना टायरचा माथा खालच्या पट्ट्यापासून सुटून निघत होता आणि गाड्या उलटत होत्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे या टायरांशी जोडलेल्या २७१ मृत्यूंची नोंद झाली. कारणांवरून दोन्ही कंपन्यांत कडवा वाद झाला. फोर्डने टायरच्या घडणीला दोष दिला. फायरस्टोनने गाडीच्या ठेवणीकडे, जादा ओझ्याकडे आणि फोर्डने सुचवलेल्या २६ पौंड हवेकडे बोट दाखवले, आणि स्वतः ३० पौंडांची शिफारस केली. खात्याच्या चौकशीत पट्ट्याच्या कडेपाशी टायर कमकुवत असल्याचे निघाले. दोष कोणाचा किती, हा वाद मी इथे सोडवू पाहत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्ही पक्ष ज्या गोष्टींवर भांडले त्या सगळ्या आतल्या होत्या. हवा, ओझे, उष्णता आणि पट्ट्याची कड. त्या टायरांची नक्षी सुटण्याच्या क्षणापर्यंत चांगली दिसत असणार. बळी गेलेल्या घरांपैकी कोणाला ती पाहून काही कळण्याची सोय नव्हती. त्याच वर्षी झालेल्या कायद्यातून पुढे प्रत्येक नव्या गाडीत हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. २००८ च्या मॉडेलपासून ती अमेरिकेतल्या सर्व हलक्या गाड्यांत असते.

मग निवडायचे कशावरून? टायरच्या बाजूवर जे लिहिलेले असते ते वाचून. उदाहरणार्थ ‘एलटी २४५/७५ आर १६’ आणि त्यापुढे ‘१२०/११६’ व ‘ई’. एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा, २४५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. १२० हा ओझ्याचा अंक, म्हणजे पूर्ण हवेवर सुमारे १,४०० किलो. मागे जोडचाके असतील तर ११६, म्हणजे १,२५० किलो. पुढचे ‘ई’ हे अक्षर पूर्वीच्या ‘१० प्लाय’च्या जागी आले आहे. आपल्याकडे टायरवर अजून ‘८ पीआर’, ‘१० पीआर’ छापतात आणि दुकानात ‘दहा प्लायचा’ म्हणून सांगतात. सुताचे दोर होते तेव्हा खरोखर तितके थर असत. पुढे रेयॉन, नायलॉन, पॉलिस्टर आणि पोलाद आले, आणि दोन-तीन थरांतच ती ताकद मिळू लागली. आकडा तेवढा जुन्या सुताच्या आठवणीचा राहिला.

याच ठिकाणी बहुतेकांची समजूत फसते. जाड, दहा प्लायचा टायर घेतला म्हणजे ओझ्याची चिंता मिटली, असे मानले जाते. आता पुढची तुलना पाहावी. याच मापाचा साधा मोटारीचा टायर, ‘पी’ अक्षराचा, ३५ पौंड हवेवर १,०३० किलो पेलतो. पिकअपला लावताना नियमाप्रमाणे त्याची क्षमता १.१ ने भागतात, तरी सुमारे ९३५ किलो उरतात. आणि तो बलदंड एलटी टायर त्याच ३५ पौंडांवर पेलतो सुमारे ७७० किलो. जाड टायर, पण कमी ओझे! कारण ओझे रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. एलटी टायरच्या दणकट बांध्याचा अर्थ इतकाच, की त्यात ८० पौंडांपर्यंत हवा भरता येते, आणि तेवढी भरली तरच ते १,४०० किलो मिळतात. जुन्या टायरच्या जागी ऑल-टेरेन घेताना पी सोडून एलटी घेतला आणि हवा मात्र पूर्वीचीच ठेवली, तर ताकद वाढवल्याच्या समाधानात माणूस प्रत्यक्षात कमी क्षमतेवर गाडी चालवत असतो. कमी हवा, म्हणून बाजू जास्त दबणार, म्हणून पट्ट्याची कड तापणार. २००० सालाच्या वादातली सगळी साखळी इथे पुन्हा जुळते.

नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा घेऊन रात्री घाट उतरणाऱ्या पिकअपवाल्याला अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींशी देणे-घेणे नसेल. पण हौद्यात ठरल्यापेक्षा जास्त क्रेट चढवले जातात तेव्हा तो याच हिशेबात उभा असतो. त्याच्या मागच्या दोन चाकांवरचे वजन एकदा काट्यावर मोजून घ्यावे, त्याला दोनने भागावे, टायरवरच्या ओझ्याच्या अंकाशी ताडून पाहावे, आणि त्या वजनाला कंपनीच्या तक्त्यात किती हवा सांगितली आहे ते शोधावे. दाराच्या चौकटीवर गाडीच्या कंपनीने चिकटवलेला कागद असतो. मूळ मापाचा टायर असेल तर त्यावरचा आकडा पाळावा, माप किंवा प्रकार बदलला असेल तर तक्ता पाहावा. हवा सकाळी मोजावी, गाडी निघण्याआधी, टायर गार असताना. धावून तापलेला टायर जास्त हवा दाखवतो आणि ती पाहून सोडलेली हवा थंडाव्यात कमी पडते. एवढे झाल्यावर मग बोट घालून खाचा पाहायला हरकत नाही.